अपघात ट्रकचा, वजाबाकी चालकाच्या पगारातून

तंजावरला जाणाऱ्या मराठी माणसाचा कार्यक्रम बहुधा ठरलेला असतो. बृहदीश्वराच्या मंदिरात सरफोजीराजांनी १८०३ मध्ये कोरवून घेतलेला भोसले घराण्याच्या इतिहासाचा मराठी शिलालेख पाहायचा, सरस्वती महाल ग्रंथालयातील मोडी कागदपत्रांसमोर क्षणभर थांबायचे आणि एकोजीराजांपासून १८५५ पर्यंत येथे नांदलेल्या मराठी राजवटीचा अभिमान घेऊन परतायचे. राजधानीतून दक्षिणेच्या दौऱ्यावर जाणारे मराठी अधिकारीही याला अपवाद नसतात. मात्र महाराष्ट्राचा तंजावरशी आजचा जो व्यवहार आहे, तो राजवाड्यात सापडत नाही. तो तिरुचिरापल्लीहून तंजावरमार्गे नागपट्टिणमला जाणाऱ्या महामार्गावर आहे. नाशिक जिल्ह्याचा कांदा तामिळनाडूच्या बाजारात जातो, तो ट्रकने; आणि त्या ट्रकच्या चाकामागे बसलेला माणूस अनेकदा मराठी असतो. या माणसाच्या वेतनाचा एक प्रश्न संसदेने कायद्याच्या पुस्तकात सोडविला आहे, पण रस्त्यावर तो जसाच्या तसा उभा आहे.

प्रश्न साधा आहे. मालकाच्या ट्रकला अपघात झाला, तर दुरुस्तीचा खर्च कोणी सोसायचा? वाहतूक व्यवसायातील रूढ उत्तर असे की, गाडी ज्याच्या हातात होती त्याने. फुटलेली दर्शनी काच, चेपलेला बंपर, गळका रेडिएटर यांचे बिल गॅरेजवाला मालकाला देतो आणि मालक ते चालकाच्या हिशेबात टाकतो. फेरीचा भत्ता अडकतो, पगार तुटतो, पूर्वी घेतलेल्या उचलीत ही नवी रक्कम मिसळते. हिशेब फिटेपर्यंत वाहन परवाना मालकाच्याच कपाटात राहतो, अशीही तक्रार चालकांकडून ऐकू येते. लेखी काहीच नसते. असते ती फक्त मालकाच्या वहीतली नोंद.

कायदा याबाबत काय म्हणतो? वेतनातून मनमानी कपात करण्यास आळा घालावा, ही मागणी ब्रिटिश काळातील. १९२९ मध्ये नेमलेल्या व्हिटले आयोगाने १९३१ मध्ये आपला अहवाल दिला आणि दंड व कपाती यांचे नियमन कायद्याने करण्याची शिफारस केली. त्यातून १९३६ चा वेतन प्रदान अधिनियम आला. पुढे १९६१ च्या मोटार वाहतूक कामगार अधिनियमाने वेतन प्रदानाची ही तत्त्वे वाहतूक कामगारांनाही लागू केली. आता हे दोन्ही कायदे नव्या श्रम संहितांमध्ये विलीन झाले आहेत. वेतन संहिता लोकसभेने ३० जुलै २०१९ रोजी आणि राज्यसभेने २ ऑगस्ट २०१९ रोजी संमत केली. ती प्रत्यक्ष अमलात येण्यास मात्र २१ नोव्हेंबर २०२५ उजाडावे लागले.

या संहितेच्या कलम १८ आणि कलम २१ मधील तरतुदी प्रत्येक चालकाने आणि प्रत्येक मालकाने वाचाव्यात अशा आहेत. कामगाराकडे खास सोपविलेल्या मालाचे नुकसान झाले आणि ते थेट त्याच्या हयगयीमुळे किंवा कसुरीमुळे झाले, तरच कपात करता येते. कपातीची रक्कम प्रत्यक्ष नुकसानीपेक्षा अधिक असता कामा नये. कपातीपूर्वी कामगाराला कारणे दाखविण्याची संधी द्यावीच लागते. कपात नोंदवहीत लिहावी लागते. सर्व कपाती मिळून त्या वेतन कालावधीतील वेतनाच्या निम्म्याहून अधिक होता कामा नयेत. ट्रक हा 'सोपविलेला माल' ठरतो की नाही, यावरही वाद घालता येईल. पण मालकाच्या बाजूने अर्थ लावला, तरी एक गोष्ट निर्विवाद राहते. अपघात म्हणजे हयगय नव्हे. हयगय सिद्ध करावी लागते, आणि ती सिद्ध करण्यापूर्वी चालकाचे म्हणणे ऐकावे लागते.

हे प्रत्यक्षात कसे चालेल, हे एका कल्पित उदाहरणावरून पाहू. लासलगावहून कांदा भरून निघालेला ट्रक महाराष्ट्र, कर्नाटक ओलांडून, सेलम-नामक्कलवरून तिरुचिरापल्ली गाठतो आणि तंजावरच्या अलीकडे पहाटे अंधारात भाताच्या पोत्यांनी लादलेल्या, मागचा दिवा नसलेल्या ट्रॅक्टरच्या ट्रॉलीवर आदळतो. कोणी दगावत नाही. दुरुस्तीचे बिल होते ४०,००० रुपये. चालकाचा पगार १८,००० रुपये. रूढ पद्धतीनुसार मालक दरमहा ८,००० रुपये कापून पाच महिन्यांत सारे बिल वसूल करील.

संहितेनुसार मात्र पहिला प्रश्न हा की, दिवा नसलेल्या ट्रॉलीचा दोष कोणाचा? त्यातून चालकाची हयगय सिद्ध होत नसेल, तर कपात शून्य. समजा, ती सिद्ध झाली. मग दुसरा प्रश्न, विम्याने किती दिले? विमा कंपनीने २८,००० रुपये दिले असतील, तर मालकाचे खरे नुकसान १२,००० रुपयांचेच उरते. त्याच महिन्यात उचलीपोटी ५,००० रुपये वळते होत असतील, तर ९,००० रुपयांच्या मर्यादेत नुकसानीसाठी ४,००० रुपयेच कापता येतील. म्हणजे चालकाच्या विरोधात सर्व काही सिद्ध झाले, तरी ४०,००० च्या जागी १२,००० रुपये, तेही हप्त्याहप्त्याने. रूढी आणि कायदा यांतील अंतर हे एवढे आहे.

मालकाची बाजूही ऐकून घ्यायला हवी. देशातील मालवाहतुकीचा मोठा हिस्सा एक-दोन गाड्या असलेल्या छोट्या मालकांच्या हाती आहे. वित्त कंपनीचा हप्ता, डिझेल, टोल, टायर हे सर्व भागवून त्याच्या हाती फारसे उरत नाही. मोटार वाहन अधिनियमाने तृतीय पक्षाचा विमा सक्तीचा केला आहे. स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा विमा सक्तीचा नाही. तो घेतला, तरी प्रत्येक दाव्यात काही रक्कम मालकालाच सोसावी लागते, आणि दावा केला की नो क्लेम बोनस जातो. त्यामुळे छोट्या बिलासाठी विमा कंपनीच्या दारात जाण्यापेक्षा चालकाच्या पगाराला हात लावणे मालकाला सोपे वाटते. हे समजण्यासारखे आहे. पण न्याय्य नाही. गाडी चांगली चालली तर नफा मालकाचा, आणि आपटली तर तोटा चालकाचा, असा भागीदारीचा करार कोणत्याही व्यवसायात टिकणार नाही. व्यवसायाची जोखीम ज्याने पत्करली, त्यानेच तिचा भार उचलावा, हे तत्त्व आहे. चालकाने मुद्दाम किंवा दारू पिऊन गाडी आदळली असेल, तर दिवाणी न्यायालयाचे दार मालकाला खुले आहेच.

हा पेच केवळ आपल्याकडचा नाही. इंग्लंडमध्ये १९५७ साली हाउस ऑफ लॉर्ड्सपुढे आलेला 'लिस्टर विरुद्ध रॉमफर्ड आइस' हा खटला अशाच एका लॉरीचालकाचा होता. लॉरी मागे घेताना त्याच्या हातून त्याच्याच वडिलांना इजा झाली. वडील त्याच कंपनीत, त्याच लॉरीवर त्याचे मदतनीस होते. कंपनीच्या विमेदाराने वडिलांना भरपाई दिली आणि मग कंपनीच्या नावाने मुलावर दावा लावला. तीन विरुद्ध दोन अशा मतांनी न्यायाधीशांनी तो मान्य केला. निकाल कायद्याच्या चौकटीत बसत असला, तरी तो इतका बोचला की, संगनमत किंवा जाणूनबुजून केलेले गैरवर्तन नसेल तर अशी वसुली करायची नाही, असा समझोता ब्रिटिश विमा कंपन्यांनी आपसांत केला. जर्मनीच्या न्यायालयांनी अधिक नेमका मार्ग काढला. किरकोळ चूक असेल तर कामगाराकडून काही नाही, मध्यम हयगय असेल तर नुकसान दोघांत वाटून, आणि गंभीर हयगय वा हेतू असेल तर सर्वसाधारणपणे पूर्ण जबाबदारी कामगाराची. कामाच्या ओघात झालेल्या कोणत्याही नुकसानीला हे सूत्र लागू असल्याचे तेथील संघीय श्रम न्यायालयाच्या महापीठाने १९९४ मध्ये स्पष्ट केले.

आपल्या संहितेत 'हयगय' हा एकच शब्द आहे. तिच्या पायऱ्या नाहीत. या पायऱ्यांची गरज चालकाच्या बाबतीत सर्वांत अधिक आहे. कारण त्याची चूक अनेकदा त्याची एकट्याची नसते. नाशिकपासून तंजावरपर्यंतचे अंतर चौदाशे किलोमीटरच्या आसपास. माल वेळेत पोहोचला पाहिजे ही अट मालकाची, दुसरा चालक न देण्याचा निर्णयही मालकाचा, आणि पहाटे लागलेली डुलकी मात्र चालकाची! १९६१ च्या अधिनियमाने दिवसाला आठ आणि आठवड्याला ४८ तासांची मर्यादा घातली होती. लांब पल्ल्याच्या फेरीसाठी ती दिवसाला दहा तासांपर्यंत वाढविता येई. तो अधिनियम पाच किंवा अधिक कामगार असलेल्या आस्थापनांना लागू होता. राज्यसभेने २३ सप्टेंबर २०२० रोजी, विरोधकांच्या बहिष्कारात संमत केलेल्या व्यावसायिक सुरक्षा संहितेत हा उंबरठा दहा कामगारांवर गेला. म्हणजे एका संहितेने वेतनाचे संरक्षण सर्वांना दिले आणि दुसरीने कामाच्या परिस्थितीच्या तपासणीचे छत्र पाच ते नऊ कामगारांच्या आस्थापनांवरून काढून घेतले. ज्या थकव्यातून अपघात होतो तो मोजायचा नाही आणि अपघाताचे बिल मात्र मोजून घ्यायचे, अशी ही विसंगती आहे. थकव्याचा प्रश्न सरकारला अमान्य आहे असेही नाही. १ ऑक्टोबर २०२५ पासून तयार होणाऱ्या मध्यम आणि अवजड ट्रकच्या केबिनमध्ये वातानुकूलन सक्तीचे करण्यात आले, ते याच जाणिवेतून.

राजधानीत चालकाची आठवण होते ती पेट्रोल पंपांवर रांगा लागल्या की. भारतीय न्याय संहितेच्या कलम १०६(२) मधील दहा वर्षांपर्यंतच्या शिक्षेच्या विरोधात जानेवारी २०२४ च्या पहिल्या दोन दिवसांत चालकांनी चाके थांबविली, तेव्हा २ जानेवारीच्या रात्री तत्कालीन गृह सचिवांना वाहतूकदारांशी चर्चा करून आश्वासन द्यावे लागले. १ जुलै २०२४ रोजी संहिता लागू झाली, ती हे उपकलम वगळून. संघटित आवाजाचे बळ त्यातून दिसले. परंतु त्या चर्चेत वाहतूकदार संघटना, म्हणजे मुख्यतः मालकांच्या संघटना, चालकांच्या वतीने बोलत होत्या. शिक्षेच्या प्रश्नावर मालक आणि चालक यांचे हित एक असू शकते; पगारातील कपातीच्या प्रश्नावर ते परस्परविरोधी आहे. तेथे चालकाच्या वतीने बोलणार कोण?

या ठिकाणी तंजावरचाच एक धडा आठवावा. कावेरीच्या त्रिभुज प्रदेशात जमीनदारांच्या शेतावर राबणारे पण्णैयाळ, म्हणजे बांधील शेतगडी, यांच्यासाठी राजाजींच्या मंत्रिमंडळाने १९५२ मध्ये खास तंजावर जिल्ह्यापुरता कुळे आणि पण्णैयाळ संरक्षण कायदा केला. गड्याचे वेतन ठरवून दिले, मनमानी हकालपट्टीला पायबंद घातला. पुढच्या काळात पण्णैयाळ पद्धतच मागे पडली आणि तिची जागा रोजंदारीने घेतली. गडी कायद्याच्या व्याख्येतूनच बाहेर पडला. वाहतुकीतही हा धोका समोर आहे. पगारी चालकाला 'फेरीवर घेतलेला माणूस' किंवा 'ठेकेदार' म्हटले की संहिता आपल्याला लागू नाही, अशी पळवाट मालक शोधू शकतो.

ही पळवाट बंद करण्याची साधने संहितेतच आहेत. कलम ५० नुसार वेतनचिठ्ठी देणे बंधनकारक आहे. त्यातून सूट आहे ती शेती किंवा घरकामासाठी पाचपर्यंत माणसे ठेवणाऱ्यांना. एका ट्रकच्या मालकाला ती नाही. बेकायदा कपातीविरुद्ध दावा दाखल करण्याची मुदत पूर्वी एक वर्ष होती, ती आता तीन वर्षे झाली आहे. प्राधिकरण दाव्याच्या दहा पटींपर्यंत भरपाई देववू शकते. सर्वांत महत्त्वाचे म्हणजे कलम ५९ नुसार पुराव्याचा भार मालकावर आहे. वहीतील एकतर्फी नोंद पुढे करून मालकाला सुटता येणार नाही.

श्रम हा समवर्ती सूचीतील विषय असल्याने पुढचे काम राज्यांच्या श्रम खात्यांचे आहे, आणि हे पान वाचणाऱ्या अधिकाऱ्यांपैकी काहींच्या टेबलावर ते येणार आहे. फेरीवारी वेतनाची नोंद कशी ठेवायची, कारणे दाखवा नोटीस चालकाला समजेल त्या भाषेत कशी द्यायची, कपातीच्या नोंदीसोबत विमा दाव्याचा निकाल जोडणे सक्तीचे करायचे का, आणि तंजावरला अपघात झालेल्या नाशिकच्या चालकाने दाद कोठे मागायची, या चार गोष्टी नियमांत स्पष्ट झाल्या, तरी निम्मे काम होईल. राहिली संसद. येत्या अधिवेशनात महाराष्ट्राच्या किंवा तामिळनाडूच्या एखाद्या सदस्याने एक तारांकित प्रश्न विचारावा : वेतन संहिता लागू झाल्यापासून मालवाहतुकीतील चालकांनी नुकसानीच्या कपातीविरुद्ध किती दावे दाखल केले आणि किती निकाली निघाले? उत्तरादाखल मंत्र्यांच्या हाती आकडा असला, तर त्यावर बोलता येईल. आकडाच नसला, तर कायदा तंजावरच्या रस्त्यापर्यंत अद्याप पोहोचलेला नाही, हे सभागृहाच्या कामकाजात नोंदले जाईल. सुरुवात म्हणून तेही थोडे नव्हे.