गंगाजळी आटते ती तारखांनी

मुंबईच्या फोर्टपासून सहार विमानतळापर्यंतचे अंतर पंचवीसेक किलोमीटर. जुलै १९९१ मध्ये, ४ ते १८ तारखेच्या दरम्यान, रिझर्व्ह बँकेचे ४६.९१ टन सोने या रस्त्याने गेले. चार खेपांत, बंदोबस्तात, कुणाला चाहूल लागू न देता. तेव्हाचे डेप्युटी गव्हर्नर सी. रंगराजन यांनी पुढे एक आठवण सांगितली आहे: सोने नेणारी एक गाडी टायर फुटून वाटेतच थांबली आणि सगळ्यांच्या तोंडचे पाणी पळाले. ८ जुलैला ‘इंडियन एक्स्प्रेस’ने बातमी फोडली आणि बँक ऑफ इंग्लंड व बँक ऑफ जपान यांच्याकडे आपले सोने गहाण पडत असल्याचे देशाला कळले. हातात आले ४०.५ कोटी डॉलर.

घरातले सोने सावकाराकडे जाते तेव्हा ते पदराखालून जाते. देशानेही तेच केले. त्याआधी मे महिन्यात सरकारने तस्करांकडून जप्त केलेले २० टन सोने स्टेट बँकेमार्फत स्वित्झर्लंडमधल्या एका बँकेला विकले होते, परत विकत घेण्याची मुभा राखून. त्याचे सुमारे २० कोटी डॉलर आले. मराठीत सोने मोडणे वेगळे आणि गहाण टाकणे वेगळे. दोन महिन्यांत आपण दोन्ही केले.

ही वेळ का आली, याचे नेहमीचे उत्तर आपल्याला पाठ आहे: सरकारी उधळपट्टी आणि आखाती युद्ध. ते खरे आहे, पण अपुरे आहे. १९९०-९१ मध्ये चालू खात्यावरची तूट राष्ट्रीय उत्पन्नाच्या सुमारे तीन टक्के होती. अशी तूट वर्षानुवर्षे अंगावर घेऊन चालणारे देश आहेत. प्रश्न तूट भरून काढणाऱ्या पैशाचा असतो. तो पैसा किती मुदतीचा आहे, आणि त्याची तारीख कधी येते?

आपल्या विकास सोसायट्यांत ‘नवं-जुनं करणं’ हा शब्द रोजचा आहे. जुने कर्ज कागदोपत्री फेडायचे आणि त्याच दिवशी नवे उचलायचे. शेतकऱ्याच्या हातात रक्कम येत नाही, पण तारीख टळते. ऐंशीच्या दशकाच्या उत्तरार्धात भारताच्या परकीय कर्जाचा एक मोठा भाग नेमका असाच चालला होता. तेलाच्या आणि मालाच्या आयातीसाठी घेतलेली काही महिन्यांच्या मुदतीची कर्जे दर तारखेला नवी-जुनी होत होती. सोसायटीचा सचिव एक दिवस ‘यंदा नवं-जुनं नाही, रोख भरा’ म्हणाला की गावात काय होते, हे ज्याने पाहिले आहे त्याला १९९१ समजायला अर्थशास्त्र लागत नाही.

२ ऑगस्ट १९९० रोजी इराक कुवेतमध्ये घुसला. तेलाचे भाव दोन-तीन महिन्यांत दुपटीपलीकडे गेले. कुवेतमध्ये अडकलेल्या पावणेदोन लाखांच्या आसपास भारतीयांना अम्मानमार्गे विमानांनी परत आणावे लागले. रत्नागिरी-रायगडातल्या ज्या घरांची चूल आखातातल्या पैशावर पेटत होती, तिथे ती झळ थेट पोहोचली. ऑक्टोबरपासून पतमापन संस्थांनी भारताची पत उतरवायला सुरुवात केली, आणि परदेशी बँकांनी नव्या-जुन्याला नकार दिला. दिल्लीत सरकार डळमळीत होते. चंद्रशेखर सरकारला पूर्ण अर्थसंकल्पही मांडता आला नाही. मे महिन्यात राजीव गांधींची हत्या झाली.

ऑगस्ट १९९० मध्ये ३१० कोटी डॉलर असलेली परकीय चलनाची गंगाजळी १६ जानेवारी १९९१ रोजी ८९.६ कोटींवर आली. जेमतेम दोन आठवड्यांची आयात भागेल एवढीच. नाणेनिधीकडून सुमारे १८० कोटी डॉलर मिळाले आणि थोडा श्वास घेता आला. मग आतूनच गळती लागली. एप्रिल ते जून या तीन महिन्यांत अनिवासी भारतीयांच्या ठेवींतून ९५ कोटी डॉलर बाहेर गेले. मोडलेले आणि गहाण टाकलेले सोने मिळून जेवढे आले, त्याच्या दीडपट. ठेवीदारांना दोष देण्यात अर्थ नाही. मुदत संपली, बातम्या वाईट होत्या, माणसाने आपली पुंजी काढून घेतली. दोष आहे तो अशा पैशाला गंगाजळी मानण्यात.

डॉलर वाचवण्यासाठी आयातीची नाडी आवळली गेली. परदेशातून माल मागवायचा तर बँकेत आधी रोख अनामत ठेवावी लागे. ती ऑक्टोबर १९९० मध्ये ५० टक्के होती, मार्चमध्ये १३३ टक्क्यांवर आणि एप्रिलमध्ये २०० टक्क्यांवर गेली. म्हणजे पिंपरीतल्या एखाद्या कारखानदाराला लाख रुपयांचे सुटे भाग हवे असतील, तर त्याने आधी दोन लाख अडकवून ठेवायचे. डॉलर वाचले, पण यंत्रे थंडावली. जुलैच्या १ आणि ३ तारखेला रुपयाचे अवमूल्यन झाले. २४ जुलैला मनमोहन सिंग यांनी तो प्रसिद्ध अर्थसंकल्प मांडला. तो इतिहास सर्वांना ठाऊक आहे, म्हणून इथे थांबतो.

मार्च १९९१ अखेरची एक नोंद मात्र मला त्या सगळ्याहून महत्त्वाची वाटते. अल्पमुदतीचे परकीय कर्ज गंगाजळीच्या १४६ टक्के होते. घरात शंभर रुपये, आणि दारात येऊ घातलेले देणे एकशे सेहेचाळीसचे.

त्या अनुभवाने आपण शिकलो, हे २०१३ मध्ये दिसले. अमेरिकेच्या मध्यवर्ती बँकेने पैसा आखडता घेण्याचे संकेत दिले आणि ऑगस्टअखेर रुपया डॉलरला ६८च्या पुढे घसरला. रिझर्व्ह बँकेने बँकांसाठी सवलतीची खिडकी उघडली. तिच्यातून ३४ अब्ज डॉलर आले, त्यांपैकी २६ अब्ज अनिवासींच्या ठेवींचे. पुन्हा ठेवीच! पण या वेळी मुदत किमान तीन वर्षांची होती, परतफेडीची तारीख ठाऊक होती आणि बँकेने तेवढ्या डॉलरची तजवीज आधीच करून ठेवली होती. २०१६ च्या शरदात ते देणे फिटले. रस्त्यावरच्या माणसाला पत्ताही लागला नाही. खरे यश असेच बिनबोभाट असते.

गंगाजळी हा शब्द देवघरातला. तांब्याची सीलबंद लोटी अखेरच्या घोटासाठी जपलेली असते. तिच्यात दुसऱ्याने ठेवायला दिलेले पाणी मिसळले तर ती भरलेली दिसेल, पण तहानेच्या वेळी मालक दारात उभा राहील. सप्टेंबर २०२४ अखेर आपली गंगाजळी ७०० अब्ज डॉलरच्या पुढे गेली तेव्हा पेढे वाटावेत असे मथळे आले. अभिमान रास्तच आहे. मार्च २०२५ अखेर अल्पमुदतीचे कर्ज गंगाजळीच्या सुमारे २० टक्केच होते. पण वर्षभरात ज्यांची मुदत संपते ती जुनी दीर्घ कर्जेही त्यात धरली, तर हे प्रमाण ४५ टक्क्यांच्या घरात जाते. शिवाय रुपया सावरताना रिझर्व्ह बँकेने पुढच्या तारखांना डॉलर देण्याचे करार केलेले असतात. फेब्रुवारी २०२५ अखेर ती रक्कम ८८ अब्ज डॉलरच्या आसपास होती. शुक्रवारी जाहीर होणाऱ्या साठ्यातून ती वजा केलेली नसते.

हे सारे आकडे रिझर्व्ह बँक स्वतःच प्रसिद्ध करते. तेव्हा वाचकहो, शुक्रवारचा गंगाजळीचा आकडा जरूर वाचा. पण त्याच्या शेजारी अल्पमुदतीच्या देण्याचा आकडाही मागा, आणि तो छापला जात नसेल तर आपल्या वर्तमानपत्राला पत्र लिहा.