छपराखालचा बर्फ

स्वीडनच्या हेल्सिंगलँड भागात एड्सबीन नावाचं गाव आहे. वस्ती जेमतेम चार हजारांची, पण १९०९ साली स्थापन झालेला इथला बँडी क्लब, एड्सबीन्स आयएफ, देशातल्या नावाजलेल्या क्लबांपैकी एक. २००३ मध्ये त्यांचं मैदान छपराखाली आलं. बँडीसाठी बांधलेला स्वीडनमधला तो पहिला बंदिस्त हॉल.

बँडी म्हणजे बर्फावरची हॉकी खरी, पण ऑलिम्पिकमध्ये दिसते ती आइस हॉकी नव्हे. दोन्हीकडे अकरा-अकरा खेळाडू, ४५ मिनिटांचे दोन डाव, चकतीऐवजी लहानसा चेंडू. गोलरक्षकाला स्टिक नसते. तो हातांनी, अंगाने चेंडू अडवतो. मैदान जास्तीत जास्त ११० मीटर लांब आणि ६५ मीटर रुंद. म्हणजे सात हजार चौरस मीटरांहून जास्त बर्फ, आइस हॉकीच्या रिंकच्या जवळजवळ चौपट. सगळी अडचण या आकारातच आहे.

उघड्यावर एवढा बर्फ सांभाळणं कठीण. हिमवर्षाव झाला की चेंडू रुततो, ऊन पडलं की पृष्ठभाग मऊ होतो. हवा फारच बिघडली तर सामना तीस-तीस मिनिटांच्या तीन डावांत खेळवतात, म्हणजे मधल्या वेळात बर्फ साफ करता येतो.

हॉलमध्ये हे बरंचसं टळतं. काँक्रीटच्या जमिनीत नळ्यांचं जाळं पुरलेलं असतं आणि त्यांतून गोठणार नाही असा थंड द्रव फिरत राहतो. तो जमिनीतली उष्णता उचलून यंत्रघराकडे नेतो. मग वरून पाणी सोडायचं, पण एकदम नाही. जमीन सारवावी तसा एक पातळ थर, तो गोठला की दुसरा. घाई केली तर बर्फ ठिसूळ होतो. अखेरीस हाती येतो तो काही सेंटिमीटरचाच थर.

खेळताना स्केटच्या पात्यांनी तो ओरखडतो. मध्यंतरात यंत्रं फिरतात, वरचा खरबरीत भाग तासून घेतात आणि मागे पाणी पसरतात. हे पाणी बहुधा गरम असतं. गरम पाण्यात विरघळलेली हवा कमी, शिवाय ते खालचा थर किंचित वितळवून त्याला घट्ट धरतं. छपराखाली दमटपणाही काढावा लागतो, नाहीतर बर्फावर धुकं साचतं. प्रेक्षकांना मात्र ऊब फारशी मिळत नाही. बँडीच्या रसिकांची ओळख बनलेली चामड्याची बॅग, आत थर्मास, हॉलमध्येही उपयोगी पडतेच.

खेळाडूंना मिळतो तो भरवशाचा बर्फ. चेंडू कुठे आणि किती वेगाने जाईल याचा अंदाज बांधता येतो, वेगवान पासिंगचा सराव हवामानाची वाट न पाहता करता येतो. एड्सबीन १९७८ नंतर राष्ट्रीय विजेता झाला नव्हता. २००४ ते २००८ सलग पाच वर्षं झाला. सगळं श्रेय छपराला देणं खेळाडूंवर अन्याय ठरेल, पण योगायोग म्हणून ते सोडूनही देता येत नाही. पुढे स्वीडनमधल्याच वेस्टेरॉस शहराने २००७ मध्ये आणि सँडविकेनने २००९ मध्ये आपापले हॉल उभारले.