सावित्रीच्या खोऱ्यातील पाणी व वाडी

महाड व पोलादपूर हे रायगड जिल्ह्यातील, समुद्रापासून आत सह्याद्रीच्या पायथ्याशी टेकलेले दोन तालुके होत. कोकण म्हटले की नारळी-पोफळी व किनारा डोळ्यांपुढे येतो. परंतु येथील शेतकऱ्याचा संसार डोंगर व नदी ह्यांच्या मधल्या चिंचोळ्या पट्टीत चालतो. ह्या प्रदेशाची ठेवण व तेथील वाड्यांची वस्ती ह्यांचा विचार आम्ही येथे करीत आहो, तो केवळ माहितीखातर नव्हे. २००५ व २०२१ ह्या दोन वर्षांच्या आषाढात येथील डोंगर वस्तीवर कोसळले. ते का कोसळतात व शेतकऱ्याच्या हाती त्यांतील काय आहे, हे प्रत्येक जमीनधारकाने समजून घेणे अगत्याचे आहे.

नदीची वाट

सावित्री महाबळेश्वरी उगम पावते, कड्यावरून एकदम खाली उतरते व पोलादपुरावरून महाडास येते. रायगड-वरंध बाजूच्या डोंगरांचे पाणी घेऊन काळ नदी बिरवाडीकडून तीस मिळते, आणि रायगडच्या अंगाने आलेली गांधारी महाडाजवळ मिळते. तेथून पुढे ही नदी खाडीचे रूप घेते व बाणकोटाजवळ समुद्रास जाते. समुद्राची भरती महाडपर्यंत पोहोचते. म्हणूनच पूर्वी गलबते येथवर येत व घाटावरच्या मालाची ही पेठ भरभराटीस आली. परंतु जी भरती गलबते आणी, तीच पुराचे पाणी अडवूनही धरते. वरून लोंढा व खालून भरती एकाच वेळी आली म्हणजे महाड शहर बुडाल्यावाचून राहत नाही.

महाडास वर्षाकाठी ३,००० मिलिमीटरांहून अधिक पाऊस पडतो व महाबळेश्वरी ५,००० मिलिमीटरांहून अधिक. २२ जुलै २०२१ च्या सुमारास महाबळेश्वरी एका दिवसात साडेपाचशे मिलिमीटरांहून अधिक पाऊस झाला. सातारा जिल्ह्यातीलच माण तालुक्यास वर्षभरात जितके पाणी मिळते, साधारण तितके येथे एका दिवसात उतरले, असे म्हटल्यास अतिशयोक्ती होणार नाही.

जमिनीच्या तीन पायऱ्या

येथील जमीन तीन पायऱ्यांची आहे. वरची पायरी वरकसाची. तीत बहुधा एक वर्ष नाचणी, दुसऱ्या वर्षी वरी घेऊन पुढे काही वर्षे जमीन पडीक ठेवण्याचा रिवाज होता. मधली पायरी बांध घालून केलेल्या भातखाचरांची. भात निघाल्यावर उरलेल्या ओलीवर तीत वाल व पावटा होतो. खालची पायरी खाडीकाठच्या खारजमिनीची. तिचा जीव बाहेरच्या बांधात.

ह्या तिन्ही पायऱ्या निरनिराळ्या धन्यांच्या असल्या तरी पाणी एकच आहे. वरच्याने राबासाठी ऐन-किंजळ खुडून उतार उघडा केला तर त्याची माती मधल्याच्या खाचरात येते, आणि मधल्याचा फुटका बांध खालच्याच्या नदीचे पात्र उथळ करतो. सातबाऱ्यावरील हद्दी पाण्यास ठाऊक नसतात.

वाडी व माणसे

सपाट जागा थोडी व ती भातास हवी, म्हणून वस्ती उतारावर चढली. एका गावाच्या पाच-दहा वाड्या व कोंड निरनिराळ्या सोंडांवर विखुरलेले असतात. कुणबी, मराठा, बौद्ध, गवळी धनगर, कातकरी व खाडीकडे मुसलमान, अशी ही मिश्र वस्ती आहे. पोलादपूर तालुक्यातील उमरठ येथे तानाजी मालुसरे ह्यांची समाधी आहे, हे वाचकांस विदित आहेच. महाडच्या चवदार तळ्यावर २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी सत्याग्रह करून सार्वजनिक पाण्यावर सर्वांचा हक्क सारखा असल्याचे जगास दाखविले. त्याचा न्यायालयीन निकाल लागण्यास १९३७ साल उजाडले. इतका पाऊस पडणाऱ्या प्रदेशातही पाण्याचा प्रश्न केवळ ढगांचा नसून माणसांचाही असतो, हा त्याचा धडा होय.

खोतीची पद्धत १९४९ च्या कायद्याने गेली. परंतु तुकड्या-तुकड्यांच्या जमिनीवर कुटुंब पोसेना म्हणून घरटी एक-दोन माणसे मुंबईस गेली. त्यांच्या पैशावर घरे उभी राहिली, मुले शिकली. त्यांस दोष देणे अन्यायाचे होईल. मात्र चाकरमानी गणपतीस व शिमग्यास येतो, आणि बांध पाहण्याची वेळ वैशाखात असते. लावणीस एकमेकांकडे जाण्याची व सगळ्या वाडीने मिळून पाट साफ करण्याची चाल त्यामुळे विरळ झाली. वरकस ओसाड पडले, पाट बुजले, आणि डोंगरावर कोणी फिरकेनासे झाले.

पाणी कोठे अडवावे, कोठे सोडावे

येथील डोंगर आत काळ्या पाषाणाचा असून त्यावर मुरूम व लाल मातीचा जाड थर आहे. सतत पाऊस लागला म्हणजे पाणी ह्या थरातून मुरत खडकापर्यंत जाते. थर जड होतो, त्याची पकड सुटते व तो एकदम खाली येतो. २५ व २६ जुलै २००५ रोजी महाड तालुक्यात दासगाव, जुई, रोहण, कोंडिवते येथे व पोलादपुरात कोंढवी येथे असेच झाले. दीडशेहून अधिक माणसे गेली. २२ जुलै २०२१ रोजी एकट्या तळिये येथे ऐंशीहून अधिक माणसे गेली. पोलादपूर तालुक्यात साखर सुतारवाडी व केवनाळे येथेही प्राणहानी झाली.

असा पाऊस थोपविणे कोणाच्याही हाती नाही, व अतिवृष्टीत राखलेला डोंगरही सुटू शकतो. तथापि धोका वाढू न देणे व वेळीच ओळखणे हे आपल्या हाती आहे. देशावर पाणी अडविणे हे पुण्यकर्म होय. येथे मात्र वाडीच्या डोक्यावरील तीव्र उतारावर चर व खड्डे खणून पाणी मुरविणे म्हणजे संकट ओढवून घेणे होय. पाणी अडवावयाचे ते वस्तीपासून दूर, सौम्य उतारावर व खाचरात. चैत्र-वैशाखातील टंचाईस त्याचा उपयोग होईल. वस्तीच्या वरचे पाणी मात्र पक्क्या पाटाने बाजूच्या ओढ्यात काढून द्यावे. उताराचा पायथा घरासाठी वा रस्त्यासाठी उभा तासू नये. राबाच्या कवळासाठी डोंगर न खुडता बांधावर गिरिपुष्प लावावे. त्याचा पाला खाचरास खतही होतो.

वैशाखात प्रत्येक वाडीने दोन जाणती माणसे डोंगरावर पाठवावी. जमिनीस नवी भेग, झाडे वा खांब कललेले, भिंतीस तडे. तसेच पावसाळ्यात झऱ्याचे पाणी अकस्मात गढूळ होणे, नवा झरा फुटणे किंवा वाहता झरा एकाएकी बंद होणे, ही चिन्हे दिसताच गुरे सोडून द्यावी व रात्र होण्यापूर्वी वाडी रिकामी करावी. त्यासाठी सुरक्षित जागा आधीच ठरवून ठेवावी.

मुंबईतील ग्राममंडळांस आमची एक विनंती आहे. देवळाच्या जीर्णोद्धारास आपण वर्गणी देता, ते योग्यच आहे. त्यातील थोडा भाग दर वैशाखात पाट उपसण्याच्या मजुरीस द्यावा. देऊळ ज्या डोंगराच्या आश्रयाने उभे आहे, त्याचीही देखभाल ही देवाचीच सेवा होय.