आधी दर्शन, मग सुशीला

माहूरला मुक्कामाला येणाऱ्यांत सगळ्यांत जुने पाहुणे म्हणजे दत्तात्रेय. स्नान काशीला, भिक्षा कोल्हापूरला आणि निद्रा माहूरला, असा त्यांचा रोजचा क्रम भाविक सांगतात. म्हणजे पानाची सोय एकीकडे आणि पथारी दुसरीकडे. गावात दोन-तीन खोल्या काढून पाहुणे ठेवणाऱ्या घरांचा अनुभवही याहून फार वेगळा नाही. झोपायला जागा देणं त्यांना अवघड जात नाही. कस लागतो तो न्याहारीत.

आमच्या लग्नाच्या पंचविसाव्या वाढदिवसाला मुलांनी महाबळेश्वर सुचवलं होतं. लातूरहून रात्रभर बसचे धक्के खाऊन तिथं धुकं बघायला जायचं! त्यात हिला रेणुकेची ओटी भरायची होती, म्हणून मग डोंगर ठरला तो आपल्याच मराठवाड्यातला, पार नांदेड जिल्ह्याच्या टोकाचा. नांदेड सोडून भोकर, हिमायतनगर, किनवट असं गेलं की कापूस-सोयाबीनची रानं मागं पडतात आणि सागाचं जंगल सुरू होतं. पैनगंगेपलीकडं यवतमाळ जिल्हा. लातूरकराला एवढी झाडं एकत्र बघायची सवय नाही. आम्ही दोघंही बराच वेळ खिडकीलाच चिकटून होतो.

खरं सांगायचं तर लग्नाच्या वाढदिवसाला हे ठिकाण जरा विचित्रच. जमदग्नीनं रागाच्या भरात मुलाकरवी जिचं शीर उतरवलं, तीच ही रेणुका. पुढं सहस्रार्जुनानं जमदग्नीला मारल्यावर परशुराम कावडीत एका बाजूला पित्याचा देह आणि दुसऱ्या बाजूला पुन्हा जिवंत झालेल्या आईला घेऊन निघाला. माहूरला दत्तात्रेयांनी अंत्यविधी सांगितले, रेणुका सती गेली. आई पुन्हा दिसेल, पण मागं वळून बघू नकोस, असं सांगितलेलं असताना परशुराम वळला आणि तोवर भूमीतून फक्त मुख वर आलं होतं. म्हणून मंदिरात पूर्ण मूर्ती नाही, शेंदूरचर्चित तांदळा आहे. ही कथा ऐकून बायको म्हणाली, “ओटी तिची भरू, पण जोडीनं पाया पडायचं ते अनसूयेच्या डोंगरावर.” तिसऱ्या डोंगरावर अत्री-अनसूया आहेत. त्यांच्या संसारावर बोट ठेवायला जागा नाही, त्यामुळं मीही मान डोलावली.

आम्ही उतरलो ते घर चढाच्या पायथ्याशी. पुढं ओसरी, मागं स्वयंपाकघर, मध्ये पाहुण्यांच्या खोल्या. घर चालवायच्या त्या मावशी, आणि पडेल ते काम करणारे त्यांचे यजमान. मावशींनी आम्हाला पहिला प्रश्न केला तो चहाचा नव्हता. “उद्या कुठं कुठं जाणार?” त्यांनी विचारलं. नुसती रेणुका, की दत्तशिखर आणि अनसूयाही? ओटी आहे का? चालत चढणार, की गाडीनं? मला वाटलं, गप्पांना सुरुवात झाली. सकाळी कळलं की मावशींनी तेव्हाच हिशेब मांडला होता.

इथं सकाळी आठ ते दहा नाश्ता अशी पाटी लावून चालत नाही. बहुतेक पाहुणे दर्शनाआधी तोंडात काही घालत नाहीत. बायका तर घोटभर चहालाही नाही म्हणतात. सगळं घर अंधारात अंघोळी उरकून रिकाम्या पोटी वर जातं आणि खाली येतं ते भुकेनं कासावीस होऊन, तेही आपापल्या वेळेला. नुसती रेणुका करणारे लवकर येतात. तिन्ही डोंगर करणाऱ्यांना दुपार होते. मंगळवार-शुक्रवारी रांग वाढते आणि नवरात्रात तर कशाचाच अंदाज उरत नाही. त्यामुळं पहाटेचं काम सगळं पाण्याचं. यजमान बंबात ढलप्या सारत होते आणि दर पाच मिनिटांनी कुठल्या ना कुठल्या दाराआडून येणाऱ्या आवाजाला एकच उत्तर देत होते, “तापायलंय, तापायलंय.”

मी परत आल्यावर स्वयंपाकघराच्या उंबऱ्यापाशी बसलो, कारण मला सुशीला होताना बघायचा होता. आपल्याकडचा हा पदार्थ दिसतो गरीब, पण वेळेच्या बाबतीत भारी मानी. करून ठेवला की अर्ध्या तासात त्याचा चिवट गोळा होतो. मावशींनी कांदा, मिरची चिरून झाकून ठेवली होती, शेंगदाणे तळून काढले होते, डाळव्याचं कूट डब्यात तयार होतं. मुरमुरे मात्र कोरडेच. गेट वाजलं तेव्हा त्यांनी गॅस पेटवला. पाहुणे पाय धुऊन ओसरीवर टेकेपर्यंत मोहरी तडतडली, कढीपत्ता पडला, कांदा गुलाबी झाला. मग मुरमुरे पाण्यात सोडून लगेच ओंजळीनं वर काढले आणि दोन तळव्यांत दाबले. इथंच सगळी मेख आहे. जोर जास्त झाला तर लगदा, कमी झाला तर कढईत पाणी. पिळलेल्या मुरमुऱ्यांवर कूट, मीठ, चिमूटभर साखर भुरभुरून ते फोडणीत गेले. दोन वेळा खालीवर, झाकण, एक वाफ. वरून कोथिंबीर, बाजूला लिंबाची फोड. लोक ताटाची वाट बघत बसले होते असं झालंच नाही.

तांबूल विकत आणायचा होता, म्हणून उतरताना वाटेवर थांबलो होतो. रेणुकेचा प्रसाद म्हणजे कुटलेला विडा. देवीच्या मुखीही तोच लागतो. खलबत्त्यात आधी सुपारी कोरडीच फोडली जात होती. तिची भरड झाल्यावर कात, बडीशेप, वेलची, लवंग आणि मग पानं. पानं आधी टाकली तर त्यांच्या रसात सुपारी नुसती निसटत राहते, फुटत नाही, असं कुटणाऱ्यानं हात न थांबवता सांगितलं. चुना सगळ्यांत बेतानं. शेवटी हाताला लागतो तो गडद, ओलसर चोथा. जिभेवर ठेवला की चावायचं काम उरत नाही, म्हणून दात गेलेल्या म्हाताऱ्यासुद्धा दोन पुड्या जास्त घेतात. आम्ही सुशीला खाऊन ओसरीवर बसून एक पुडी दोघांत संपवली. वाढदिवसाचा केक तेवढाच.

राज्य सरकारची ‘निवास व न्याहारी’ योजना आहे आणि कोकणात तिच्या पाट्या गावोगाव दिसतात. मराठवाड्यातही असं व्हावं असं बोललं की लोक लगेच स्वच्छतागृह, रंगरंगोटी, वायफायवर येतात. ते हवंच. आमच्या खोलीत अंगाला टोचणारी चादर होती आणि नळ रात्रभर ठिबकत होता, हेही सांगतो. पण नवी चादर बाजारात मिळते. पाहुणा कुठल्या डोंगरावरून किती वाजता भुकेला उतरेल, हे आदल्या रात्री ओळखायचं शिक्षण कुठल्याही योजनेत मिळत नाही, आणि अशा घराला पैसे मोजावेत ते त्यासाठीच. मावशींना मात्र हे कौतुकाचं वाटत नव्हतं. “रोजचंच आहे की,” म्हणाल्या.

आम्ही हिशेब करत असताना त्यांचा फोन वाजला. पलीकडून मोठं कुटुंब येणार होतं, बरोबर लेकरं. नाश्ता किती वाजता मिळेल, असं विचारणं चाललं असावं.

“ते मागून सांगते,” मावशी म्हणाल्या. “तुमी तिन्ही डोंगर करणार का, आधी ते सांगा. आन् लेकरायला उपाशी नेऊ नका, त्यायला दूध देते.”