बालकांतील अस्थ्यर्बुद आणि अर्बुदाचा रक्तपुरवठा

अर्बुदाचे मूळ खोल असते व ते पिकत नाही, असे सुश्रुताचार्यांनी निदानस्थानात नमूद केले आहे. या खोलवरच्या गाठीचे पोषण कसे होते, याचा सुसूत्र विचार १९७१ साली अमेरिकेतील शल्यविशारद डॉ. ज्यूडा फोकमन यांनी मांडला. (हा सिद्धान्त आपल्या ग्रंथांत आधीपासूनच होता, असे ओढूनताणून म्हणण्याची आमची इच्छा नाही.) गाठ एक-दोन मिलिमीटरहून मोठी व्हावयाची तर तिला नव्या केशवाहिन्या लागतात. त्यासाठी ती ‘व्हीईजीएफ’सारखी प्रथिने स्रवते आणि शेजारच्या रक्तवाहिन्यांना अंकुर फुटतात. हे अंकुर रोखले तर गाठीची उपासमार होईल, ही मूळ कल्पना.

ऑस्टिओसार्कोमा हे अस्थ्यर्बुद वाढत्या वयातील मुलांत, बहुधा गुडघ्यालगतच्या हाडात उद्भवते व फुप्फुसांत पसरते. मेथोट्रेक्सेट, डॉक्सोरुबिसिन, सिस्प्लॅटिन आणि शस्त्रक्रिया हाच आजही त्याचा मुख्य उपचार होय. त्याच्या जोडीला बेव्हॅसिझुमॅब देऊन पाहिले असता अपेक्षित लाभ झाला नाही. उलट जखमा भरण्यात अडचणी आल्या. उलटलेल्या रोगात मात्र २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या दोन चाचण्यांत रेगोराफेनिबने रोगाची वाढ काही काळ रोखून धरली. हा काळ महिन्यांत मोजण्याइतकाच होता आणि रुग्ण बहुतांशी प्रौढ होते. बालकाचे हाड ज्या वृद्धिपट्टिकेतून वाढते तिलाही नव्या रक्तवाहिन्या लागतात. म्हणून लहान वयात ही औषधे अधिक जपून वापरावी लागतात. रक्तदाबही वाढतो.

आता आपल्या दवाखान्याविषयी व औषधालयाविषयी. रेगोराफेनिब व कॅबोझँटिनिब या औषधांचे विघटन यकृतातील ‘सीवायपी ३ए४’ या विकराद्वारे होते. पिप्पली व मरिच यांतील पायपेरीन या विकराला अटकाव करते, तर गुग्गुळातील गुग्गुलस्टेरोन प्रयोगशाळेत त्याला चेतविते. म्हणजे त्रिकटूने औषधाची मात्रा विषारी होण्याचा, तर योगराज गुग्गुळाने ती निष्प्रभ होण्याचा संभव आहे. दोन्ही कल्प आपल्या दुकानांत चिठ्ठीवाचून मिळतात! हळदीतील कर्क्युमिन प्रयोगशाळेत नव्या वाहिन्या रोखते हे खरे. परंतु तेवढ्यावर ‘हळदीने हाडाचा कर्करोग बरा होतो’ असे पालकांना सांगणाऱ्या व्यवसायबंधूंशी आम्ही सहमत नाही.

गुडघ्याच्या वर किंवा खाली एकाच बाजूस दुखणे, रात्री ठणका, वाढती सूज आणि हे सारे आठवड्यांनंतरही कायम, असे बालक आल्यास ‘वाढीचे दुखणे’ म्हणून महानारायण तेल देऊ नये. मर्दन व घट्ट बंध टाळावेत, कारण पोखरलेले हाड मोडू शकते. त्याच दिवशी क्ष-किरण चित्र काढवून, शंका येताच मुंबईच्या टाटा स्मारक रुग्णालयासारख्या केंद्राकडे चिठ्ठी द्यावी आणि सुरू असलेल्या आपल्या सर्व कल्पांची नावे त्या चिठ्ठीत लिहावीत.