वेगळं ताट

सकाळचे ६.४०. लालबागहून परळला मी चालतच जाते. भारतमाता ओलांडेपर्यंत रस्ता निवांत असतो. जेरबाई वाडिया रोडला लागलं की फुटपाथवर फायली आणि एक्स-रेची मोठी पाकिटं छातीशी धरून बसलेली माणसं दिसू लागतात. काहींनी रात्र तिथेच काढलेली असते, काही दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेतून पहाटेच निघालेली. ज्या टाटा हॉस्पिटलसाठी ती येतात, ते १९६२ पासून केंद्राच्या अणुऊर्जा विभागाकडे आहे, हे त्यांतल्या फार थोड्यांना ठाऊक असतं. मी परळमधल्याच एका रुग्णालयात रेडिओथेरपी टेक्नॉलॉजिस्ट आहे. पेशंटच्या भाषेत, ‘लाइट देणारी बाई’.

७.१०. पहिला पेशंट आत घेण्याआधी मशीनची रोजची तपासणी. भिंतीवरचे लेझर जागेवर आहेत का, ठरवला तेवढाच डोस पडतो का, आतला कॅमेरा आणि माइक चालू आहेत का. शेवटी दार. किरण चालू असताना दार जरासं उघडायचं, मशीन त्या क्षणी बंद झालं पाहिजे. रोज बंद होतं, तरी ही पायरी मी एकदाही गाळलेली नाही. २६ एप्रिल १९८६ च्या रात्री १.२३ ला चेर्नोबिलची चौथी अणुभट्टी फुटली, तेव्हा तिथे एक चाचणी चालली होती, आणि तिच्यासाठी आणीबाणीची शीतकरण यंत्रणा आदल्या दुपारीच बंद करून ठेवली होती. २०१९ च्या ‘चेर्नोबिल’ या पाच भागांच्या मालिकेत ती रात्र आहे. आमच्या विभागात सगळ्यांनी ती पाहिली. शेवटचा भाग संपल्यावर दुसऱ्या दिवशी आम्ही दाराची चाचणी दोनदा केली.

७.५०. छातीवर बॅज. आत तीन छोट्या चकत्या असतात. दर तीन महिन्यांनी बॅज तपासायला जातो आणि अंगावर किती किरण पडले त्याचा आकडा येतो. आमची मर्यादा पाच वर्षांच्या सरासरीने वर्षाला २० मिलिसिव्हर्ट. त्या मालिकेत मीटरची पट्टी ३.६ रोंटजेनला संपते म्हणून वरिष्ठांना ३.६ च कळवलं जातं. ते दृश्य प्रत्येक नव्या मुलाला मी दाखवते. मालिकेचं ऋण मानावं असं त्यात पुष्कळ आहे.

९.२०. राजापूर तालुक्यातले काका, घशाचा कॅन्सर, ३५ पैकी सोळावी लाइट. त्यांच्या चेहऱ्याच्या मापाचा मास्क पहिल्याच दिवशी बनवलेला. गरम पाण्यात मऊ केलेली प्लॅस्टिकची जाळी चेहऱ्यावर ओढून गार होऊ दिली की नाक, हनुवटी, कपाळ सगळं तिच्यात उमटतं. मास्क टेबलाला चापांनी अडकवला, मानेवरच्या खुणेवर लेझरची हिरवी रेघ बसवली. “काका, गिळायचं नाही, हलायचं नाही, आम्ही बाहेरून बघतोय.” त्यांनी बोटाने होकार दिला. काही मिनिटांत झालं.

बाहेर मुलगा उभा होता. बाबा कपडे बदलायला गेल्यावर तो हळूच म्हणाला, “मॅडम, लालबागला मावशीकडे उतरलोय आम्ही. बाबांचं ताट-तांब्या वेगळं ठेवलंय. माझा पोरगा चार वर्षांचा आहे, आजोबांच्या मांडीवर जायला बघतो, आम्ही मागे ओढतो. ती सीरियल बघितली ना मॅडम. त्यात बायको नवऱ्याजवळ बसते आणि तिचं बाळ जातं.”

हा प्रश्न मला आठवड्यातून एकदा तरी येतो. त्याच्या भीतीला हसण्याचं कारण नव्हतं. त्याच्याच तालुक्यात जैतापूरचा अणुऊर्जा प्रकल्प येऊ घातलाय. मार्च २०११ मध्ये जपानमध्ये फुकुशिमाची अणुदुर्घटना झाली आणि पुढच्याच महिन्यात जैतापूरच्या आंदोलनात पोलिसांच्या गोळीबारात एक तरुण गेला. त्या भागात रेडिएशन हा शब्द पोटातून येतो.

मी किरण मोजायचा मीटर घेतला. आधी रिकाम्या कॉरिडॉरमध्ये धरून आकडा त्यालाच वाचायला लावला. काका आले तसा त्यांच्या मानेजवळ धरला, मग छातीजवळ, मग तळहातावर. आकडा तोच. मुलाने मीटर माझ्या हातातून घेतला आणि स्वतः बाबांच्या गळ्याशी नेला. तोच आकडा. काकांना काय चाललंय ते कळेना, ते आपले मान वर करून उभे राहिले.

मग मी त्याला सांगितलं ते असं. आमचं मशीन विजेच्या दिव्यासारखं आहे, बटण बंद केलं की किरण संपले. अंगात काही उरत नाही. मालिकेतली बायको म्हणजे ल्युदमिला इग्नातेंको. तिचा नवरा वासिली आग विझवायला गेला आणि १३ मे १९८६ ला मॉस्कोत वारला. तिचं बाळही जन्मल्यावर थोड्या तासांत गेलं, हे खरं. पण बाळाने वडिलांच्या अंगातले किरण शोषून घेतले, असं जे मालिकेत बोललं जातं, त्याला आधार नाही. त्या रुग्णांवर उपचार केलेले अमेरिकन डॉक्टर रॉबर्ट गेल यांनीच मालिकेनंतर सांगितलं, की ते रुग्ण जवळच्यांना धोक्याचे नव्हते. धोका त्यांच्या कपड्यांवरच्या धुळीत होता. कपडे काढले, अंग धुतलं, की मुख्य धोका गेला.

या एका चुकीबद्दल मी मालिकेला माफ करू शकत नाही. अशी भीती किती महाग पडते पाहा: चेर्नोबिलनंतर दूर ग्रीसमध्ये कित्येक बायकांनी निव्वळ भीतीपोटी गर्भपात करून घेतले. फुकुशिमाहून दुसऱ्या गावी गेलेल्या मुलांना शाळेत ‘जंतू’ म्हणून चिडवलं गेलं.

धोका कुठे असतो तेही सांगायला हवं. १९८७ मध्ये ब्राझीलमधल्या गोयानियात बंद पडलेल्या रेडिओथेरपी दवाखान्यातलं मशीन भंगारात गेलं. त्यात सीझियम होतं, जे बटणाने बंद होत नाही. अंधारात निळं चमकतं म्हणून लोकांनी ती भुकटी घरी नेली, अंगाला लावली. चार जण मेले, त्यांत एक सहा वर्षांची मुलगी. २०१० मध्ये दिल्लीच्या मायापुरीत विद्यापीठातून लिलावात गेलेल्या जुन्या उपकरणातल्या कोबाल्टने भंगारवाल्यांपैकी एकाचा जीव घेतला. या माणसांवर मालिका व्हायला हव्यात.

१.१५. डबा. सोबत आयोडीन वॉर्डमधली मैत्रीण. चेर्नोबिलनंतर बेलारूस-युक्रेनमधल्या मुलांच्या पोटात दुधातून किरणोत्सारी आयोडीन-१३१ गेलं आणि थायरॉइडचे कॅन्सर झाले. त्याच आयोडीनने थायरॉइडच्या कॅन्सरवर उपचार होतात, आणि परळचं रेडिएशन मेडिसिन सेंटर १९६३ पासून या कामात आहे. तिचे पेशंट मात्र खरोखर काही दिवस किरण सोडतात, म्हणून त्यांना वेगळं ठेवतात. आठ दिवसांत निम्मं, पुढच्या आठ दिवसांत त्याचंही निम्मं. “मुदत संपली तरी घरचे न्यायला येत नाहीत गं,” ती म्हणाली. मग आम्ही भाजी वाटून घेतली.

३.३०. ड्युटी संपली. शेवटचे दोन पेशंट वेळेत झाले.

रात्री ९.००. मुलीसोबत जपानी दिग्दर्शक इमामुराचा १९८९ चा ‘ब्लॅक रेन’ हा सिनेमा पाहिला. अणुबॉम्बनंतर हिरोशिमात पडलेल्या काळ्या पावसात भिजलेली यासुको ही त्याची नायिका. मामा तिच्या तब्येतीचं प्रमाणपत्र जोडतो, तरी स्थळं परत जातात. मुलगी म्हणाली, “आई, हे तर आपल्याकडचंच.” माझ्या पेशंटच्या मुलींची स्थळं अशीच परत गेलेली मला माहीत आहेत. बॉम्बच्या भयापेक्षा त्या मामाची धडपड मला जास्त लागली.

तुमच्या घरी कोणी मशीनवर लाइट घेत असेल तर त्यांच्या शेजारी बसा, पोरांना मांडीवर बसू द्या. आयोडीन घेतलं असेल तर डॉक्टरांनी सांगितलेले तेवढेच दिवस पाळा. आणि त्यांचं ताट वेगळं ठेवलं असेल तर आज रात्रीच बाकीच्या ताटांत मिसळून टाका.