मराठी बिलातील कोऱ्या जागा

बिलाचा व उधारीचा प्रोग्रॅम मराठीत करून घ्यावा, असे आता पुष्कळ दुकानदार बांधव म्हणतात. बेत चांगला आहे. फक्त काम देण्याआधी भाषांतरकाराला कोऱ्या जागांचे विचारून घ्यावे, असे आम्ही सुचवतो.

प्रोग्रॅममधील वाक्ये पावतीपुस्तकासारखी असतात. मजकूर ठरलेला, नाव, रक्कम व तारीख यांच्या जागा कोऱ्या. त्या जागी खुणा असतात. कुठे टक्क्याच्या चिन्हाला चिकटून इंग्रजी 'एस' (मजकुरासाठी) किंवा 'डी' (पूर्णांकासाठी), कुठे महिरपी कंसात इंग्रजी शब्द. खूण गाळली तर रक्कमच छापली जात नाही. कंसातल्या 'नेम'चे 'नाव' केले तर प्रोग्रॅमला ती जागा ओळखता येत नाही.

खरी गोम क्रमात आहे. इंग्रजी वाक्यात रक्कम आधी व नाव नंतर असले, तर मराठीत आपण नाव आधी घेतो. दोन्ही खुणा नुसत्या '%एस' असल्या की प्रोग्रॅम पहिल्या खुणेत पहिली चीज घालतो, आणि कागद निघतो: "२४०० यांच्याकडून रु. इब्राहिमभाई येणे". दुकानात हसू येईल, पण तगाद्याचे असे पत्र गिऱ्हाइकाकडे गेले तर पेढीची अब्रू जाते. म्हणून खुणेत क्रमांक घालतात: '%१$एस', '%२$एस'. मग क्रम उलटला तरी चालते. (फाइलीत ही अक्षरे व आकडे इंग्रजीच ठेवावे लागतात.) पीएचपी व जावा या भाषांत ही सोय आहे.

दुसरी अडचण आपल्या प्रत्ययांची. खुणेला 'ला' जोडला की "माल पुणेला पाठवला" असे छापले जाते. खुणेपुढे 'आला' लिहिले तर आयेशाबीसुद्धा 'आला'च. तेव्हा वाक्यच फिरवावे. "ठिकाण: पुणे" असे लिहावे, नावापुढे 'यांना', 'यांच्याकडून' घालावे, म्हणजे नाव जसेच्या तसे राहते. "१ पेटी, ५ पेट्या" यासाठी मराठीला दोन रूपे पुरतात. आखाती गिऱ्हाइकासाठी अरबी बिल हवे असेल तर मात्र सहा रूपांची तयारी ठेवावी लागते.

तपासणीची साधने आहेत. ग्नू प्रकल्पाचे 'गेटटेक्स्ट' १९९५ पासून आहे. त्याच्या फाइलींवर काम करणारे 'पोएडिट'ही पुष्कळजण वापरतात. खूण गळली किंवा 'डी'च्या जागी 'एस' पडला तर ही साधने सांगतात. दोन सारख्या 'एस'ची अदलाबदल मात्र त्यांना कळत नाही. इब्राहिमभाईंचा घोटाळा त्यांच्या हातून सहज निसटेल. त्यासाठी पैसे चुकते करण्यापूर्वी समोर बसून चार-पाच पावत्या छापून घ्याव्यात. त्यांत एक नाव बाईचे, एक गाव ठाणे आणि एका ठिकाणी नग १ असावा.